मिनोटॉरची कुऱ्हाड: मोठं पात्र, त्याहून मोठं हत्यार

शनिवारी संध्याकाळी पुण्यात माझ्या घरी आमचं टेबल बसतं. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची), पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, बोलणं सगळं मराठीत. डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारी आणि नियमांचा निवाडा करणारी, मी. खेळणारे चौघंही माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून मी सगळ्यांची ताई. या मंडळींबरोबर जे घडलं ते सविस्तर मांडते आहे, कारण धिप्पाड पात्र आणि त्याच्याहून मोठं हत्यार हा प्रश्न बहुतेक टेबलांवर कधी ना कधी येतोच. त्याला घाईत उत्तर दिलं की ते पुढे कित्येक आठवडे निस्तरत बसावं लागतं. मी घाईत दिलं होतं.

पात्रं अशी. धोंडोबा हा गोलायथ (धिप्पाड जमात) बार्बेरियन (बेभान लढणारा योद्धा), उंची साडेसात फूट, वजन ३०० पौंड. एक हाफलिंग (बुटकी जमात) चोर, म्हणजे रोग क्लास (पात्राचा पेशा), उंची जेमतेम तीन फूट. एक विझर्ड, म्हणजे मंत्र टाकणारा जादूगार, आणि एक ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे बुटक्या, दणकट जमातीचा पुजारी. चौथ्या लेव्हलला या चौघांनी भूलभुलैयात मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा राक्षस, गाठला. ७६ हिट पॉइंटचा, म्हणजे एवढा मार सोसणारा, तो बैल त्यांनी मोठ्या शर्थीने पाडला, क्लेरिक तर दोनदा जमिनीवर आला होता. मिनोटॉर पडल्यावर धोंडोबा खेळवणारा मुलगा म्हणाला, "ताई, ती कुऱ्हाड मी घेतो. त्याची होती ना, त्याच्या मापाची? म्हणजे २डी१२."

२डी१२ म्हणजे बारा बाजूंचे दोन फासे टाकून येईल तेवढा डॅमेज, म्हणजे इजा. टेबलावर जल्लोष झाला. एवढ्या दमछाकीनंतर नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणाले, "घे. पण तुझ्या मापाची नाही, डिसअ‍ॅडव्हान्टेजने मारावं लागेल." म्हणजे वार लागतो का हे बघताना वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा. मला वाटलं, विषय मिटला.

पुढच्याच सेशनला सगळे पाचव्या लेव्हलला गेले आणि विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला.

जमिनीवर ठेव, मोठा हो, मग उचल

साधी दोन हातांची मोठी कुऱ्हाड म्हणजे ग्रेटअ‍ॅक्स. तिचा डॅमेज १डी१२, वजन ७ पौंड, किंमत ३० सोन्याची नाणी. खेळात अंगाची मापं स्मॉलपासून पुढे मीडियम, लार्ज, ह्यूज, गार्गँच्युअन अशी चढत जातात. मिनोटॉर 'लार्ज' मापाचा प्राणी, म्हणून त्याच्या हातात तीच कुऱ्हाड २डी१२ टाकते. गोलायथ कितीही उंच असला तरी नियमांच्या लेखी तो 'मीडियम'च. त्याच्या पॉवरफुल बिल्ड या जमातीच्या गुणामुळे ओझं वाहताना, ढकलताना, ओढताना आणि उचलताना त्याला एक माप मोठं धरतात. हत्याराबद्दल त्या गुणात एक अक्षरही नाही.

आता बार्बेरियनचा रेकलेस अटॅक बघा. बेभान होऊन वार करायचा आणि अ‍ॅडव्हान्टेज मिळवायचा. इथे दोन फाशांतला मोठा आकडा धरतात. बदल्यात शत्रूलाही तुमच्यावर अ‍ॅडव्हान्टेज. अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज समोरासमोर आले की दोन्ही रद्द होतात आणि एकच फासा टाकायचा. म्हणजे मी घातलेली अट धोंडोबाने पहिल्याच फेरीत पुसून टाकली, आणि तीही पूर्णपणे नियमात बसून.

तिसऱ्या आठवड्यात विझर्डच्या डोक्यात एन्लार्ज मंत्र आला. दुसऱ्या पातळीचा मंत्र, एकाग्रता टिकली तर एक मिनिट चालतो. लांबी, रुंदी, उंची दुप्पट, वजन आठपट, माप एकाने वर. अंगावरचं आणि हातातलं सामानही सोबत वाढतं आणि त्या वाढलेल्या हत्याराच्या प्रत्येक वाराला १डी४ जास्त मिळतो. हातात मिनोटॉरची कुऱ्हाड असताना मंत्र टाकला तर कुऱ्हाडही एका मापाने वाढणार आणि पुन्हा हाताला मोठीच ठरणार. ही अडचण मुलांनी बरोबर हेरली. धोंडोबा कुऱ्हाड आधी जमिनीवर ठेवायचा. विझर्ड मंत्र टाकायचा. मग पंधरा फुटांचा धोंडोबा वाकून ती उचलायचा. आता तो लार्ज, कुऱ्हाडही लार्ज, डिसअ‍ॅडव्हान्टेजचा प्रश्नच नाही, आणि रेकलेसचा अ‍ॅडव्हान्टेज पूर्ण शिल्लक. मंत्राचा १डी४ तेवढा गेला, कारण ती कुऱ्हाड मंत्राने वाढलेली नव्हती. पण त्याच्या जागी अख्खा १डी१२ आला.

डोकं लावून खेळली गेलेली ही चाल होती आणि मला ती मनापासून आवडली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या मुलाची काडीचीही चूक नाही.

त्या संध्याकाळी एका ओगरशी गाठ पडली. ओगरचे ५९ हिट पॉइंट. धोंडोबाने पहिल्याच फेरीत ४३ काढले. पुढची पाळी विझर्डची होती, त्याने आगीचा गोळा फेकला आणि उरलेलं काम झालं. हाफलिंगची पाळी आलीच नाही. ती खेळवणारी मुलगी फासे हातात घेऊन बसली होती. तिने ते हळूच परत डबीत ठेवले आणि मोबाइल उघडला. फाशांचा डबीत पडतानाचा तो आवाज मला अजून आठवतो. आठ-नऊ महिन्यांत तिने खेळताना मोबाइल उघडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

आकडे मांडून बघितले तेव्हा

त्या रात्री मी वही घेऊन बसले. समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा, १५ धरला. धोंडोबाची ताकद १८, फाशावर अधिक ७, म्हणजे साधा वार लागण्याची शक्यता ६५ टक्के. अ‍ॅडव्हान्टेज असेल तर सुमारे ८८ टक्के. डिसअ‍ॅडव्हान्टेज असेल तर सुमारे ४२. पाचव्या लेव्हलला दोन वार. प्रत्येक वाराला ताकदीचे ४ आणि रेजचे, म्हणजे बार्बेरियनच्या संतापाचे, २. क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडला की होणारा जास्तीचा मार, बाजूला ठेवले.

रेकलेस न होता साध्या कुऱ्हाडीने फेरीला सरासरी १६.२५ डॅमेज येतो. मिनोटॉरच्या कुऱ्हाडीने, डिसअ‍ॅडव्हान्टेज धरून, १६.०६. मी दोनदा ताडून बघितलं. दुप्पट फासे आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज एकमेकांना जवळजवळ तंतोतंत तोलत होते. रेकलेस झालं तर साध्या कुऱ्हाडीचे २१.९ आणि मोठीचे २४.७. फरक आहे, पण खेळ मोडणारा नाही. म्हणजे पहिले दोन आठवडे मला जी भीती वाटत होती ती निराधार होती.

मोडतोड पुढच्या पायरीवर होती. एन्लार्ज होऊन साधी कुऱ्हाड वापरली तर फेरीला २६.३. एन्लार्ज होऊन मिनोटॉरची कुऱ्हाड उचलली तर ३३.३. त्याच फेरीत हाफलिंग लपून, अ‍ॅडव्हान्टेज मिळवून, छोट्या धनुष्याने स्नीक अटॅकसकट (चोराला मिळणारा जास्तीचा डॅमेज) मारते तेव्हा तिचे होतात १५.८. तिचा सगळ्यात चांगला वार त्याच्या फेरीच्या निम्म्याहून कमी. आणि पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे दुसऱ्या पातळीचे तीन स्लॉट, म्हणजे दिवसात तेवढ्या वेळा मंत्र टाकायची मुभा, असते, म्हणजे दिवसातल्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या लढाईत हे होणार होतं.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू करण्याआधी मी विषय काढला. हाफलिंग खेळवणारी एरवी शांत असते. ती म्हणाली, "ताई, पात्र बनवताना मला लाँगबो, ते मोठं धनुष्य, घ्यायचा होता. तू म्हणालीस, लहान अंगाला जड हत्यार झेपत नाही, डिसअ‍ॅडव्हान्टेज. मी सोडून दिला. मग त्याला त्याच्याहून मोठं हत्यार घेतल्यावर बक्षीस कसं?"

ती बरोबर होती. स्मॉल पात्राला 'हेवी' हत्याराने डिसअ‍ॅडव्हान्टेज हा २०१४ च्या पुस्तकातला नियम. एकाच प्रश्नाची दोन टोकं. तिच्या टोकाला मी पुस्तक उघडलं होतं आणि त्याच्या टोकाला टाळ्या ऐकल्या होत्या.

नियम कुठे लिहिलाय, यालाही अर्थ असतो

मोठ्या हत्याराचे फासे वाढवण्याचा नियम खेळाडूंच्या पुस्तकात नाहीच. तो डीएमच्या पुस्तकात, नवे राक्षस कसे बनवायचे त्या भागात आहे: लार्जला दुप्पट फासे, ह्यूजला तिप्पट, गार्गँच्युअनला चौपट. मोठ्या मापाचं हत्यार लहान हाताने वापरलं तर डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि दोन किंवा जास्त मापांनी मोठं असेल तर ते वापरताच येत नाही असं डीएम ठरवू शकतो, हेही तिथेच.

मिनोटॉर टेबलावर येतो आणि तीन-चार फेऱ्यांत मरतो. त्याला २डी१२ दिले तर त्या तीन-चार फेऱ्या भीतीदायक होतात आणि मग संपतात. धोंडोबा दोन वर्षं टेबलावर असणार आहे. राक्षसाला दिलेली उसनी ताकद पात्राच्या कायमच्या मिळकतीत जमा झाली की हिशोब बिघडणारच. मी नियम बरोबर वाचला होता, फक्त तो कुणासाठी लिहिलाय ते बघितलं नव्हतं.

जुन्या आवृत्त्यांनी हाच गुंता वेगवेगळ्या वाटांनी सोडवला होता. साडेतीन (३.५) आवृत्तीत, २००३ साली, प्रत्येक हत्याराला वापरणाऱ्याचं माप जोडलं गेलं. एका मापाच्या फरकाला फाशावर उणे २, शिवाय एका हाताचं हत्यार दोन हातांचं होणार. लार्ज ग्रेटअ‍ॅक्सचा डॅमेज ३डी६. हा आकडा मला फार आवडतो: सरासरी १०.५, म्हणजे साध्या कुऱ्हाडीच्या सरासरी साडेसहाच्या दुप्पट नाही, पण हातात काहीतरी मोठं आहे हे कळतं. त्या काळच्या गोलायथला पॉवरफुल बिल्डमुळे एका मापाने मोठं हत्यार दंडाशिवाय वापरता यायचं. पाचव्या आवृत्तीने तो तुकडा काढून टाकला. जुने खेळाडू तो आहे असं धरून बसतात आणि वाद होतात. पाथफाइंडर या याच घराण्यातल्या दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने, २०१९ मध्ये, सगळ्यात स्पष्ट भूमिका घेतली. मीडियम पात्र लार्ज हत्यार उचलू शकतं, पण अवघडतं, आणि हत्याराच्या मोठेपणाचा फायदा ते फिरवण्याच्या त्रासात विरून जातो. खास फायदा हवा तर जायंट इन्स्टिंक्टचा बार्बेरियन व्हायचं. तिथे मोठं हत्यार हीच त्या पात्राची ओळख असते आणि त्यासाठी बाकीच्या वाटा सोडलेल्या असतात. मला हा विचार पटतो. ज्याने किंमत मोजली त्याला फळ.

पहार

मुलांना मात्र नुसते आकडे दाखवून भागणार नव्हतं. धोंडोबाच्या खेळाडूला डॅमेज हवा होता असं मला वाटत होतं. त्याच्याशी बोलल्यावर कळलं, त्याला आपण मोठे आहोत हे जाणवायला हवं होतं. "सगळीकडे मी मीडियम," तो म्हणाला. "साडेसात फूट असून पलंगसुद्धा बसतो मला. ती कुऱ्हाड हातात आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी खरंच दांडगा आहे."

म्हणून पुढच्या वेळी मी बाल्कनीतली पहार आत आणली. बागेत खड्डे घ्यायला ठेवलेली, पाच फुटांची, इंचभर जाडीची, साधारण सहा किलोची. साडेतीन आवृत्तीचा हिशोब लावला, म्हणजे लार्ज हत्याराचं वजन दुप्पट, तर मिनोटॉरची कुऱ्हाड १४ पौंडांची होते. ही पहार जवळपास तेवढीच. मी त्याला म्हणाले, मधे धरू नकोस, एका टोकाला दोन्ही हातांनी धर आणि आडवी कर.

त्याने केली. दोन क्षण टोक स्थिर राहिलं, मग थरथरायला लागलं, मग खाली झुकत झुकत फरशीला टेकलं. मनगटं पांढरी पडली होती. वजन फार नव्हतंच; तो जिममध्ये याच्या कितीतरी पट उचलतो. पण वजन हातापासून दूर गेलं की तेच सहा किलो वेगळे होतात.

विझर्ड खेळवणारा तालमीत जातो. तो लगेच म्हणाला, "मुद्गलासारखं आहे हे. मुद्गल फिरायला लागला की तो थांबवता येत नाही. त्याच्या फिरण्यात आपण फिरायचं. मधेच कुणी हाक मारली तरी वळता येत नाही." आमच्या पुढच्या नियमाचं बी या वाक्यात होतं.

मिनोटॉरच्या कुऱ्हाडीचं वजन किती धरायचं, हा वादही त्याच बैठकीत मिटला. एन्लार्ज मंत्र म्हणतो आठपट, जुनी आवृत्ती म्हणते दुप्पट. आठपट भौमितिक दृष्ट्या चोख आहे. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवलं होतं की आकार दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. तसं धरलं तर कुऱ्हाड ५६ पौंडांची, २५ किलोंच्या वर. पण कुऱ्हाडीचं पातं दुप्पट जाड करायची लोहाराला गरज काय? लांबी-रुंदी दुप्पट, जाडी तीच, म्हणजे चौपट: २८ पौंड, सुमारे १२.७ किलो. आम्ही हे घेतलं. जपानमधल्या किबित्सु देवळात नोरिमित्सु नावाची तलवार आहे, ३.७७ मीटर लांब आणि १४.५ किलो वजनाची. माणसाच्या हातून घडलेली खरी वस्तू. आमचा आकडा तिच्या आसपास बसतो याचं मला समाधान आहे.

धोंडोबाची वाहण्याची क्षमता १८ गुणिले १५, म्हणजे २७० पौंड, आणि पॉवरफुल बिल्डमुळे ५४०. त्यापुढे २८ पौंड किस झाड की पत्ती. अडचण वजनाची नव्हतीच, लांबीची होती. दांड्यासकट दहा फुटांची वस्तू पाच फुटांच्या बोळातून वळवायची कशी, होडीत ठेवायची कुठे, दोरीच्या शिडीवर चढताना बांधायची कशाला? रामायणातलं शिवधनुष्य जनकाच्या सभेत आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून ओढत आणलं होतं. धनुष्य उचलण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्या पेटीची आठवण मला त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

चिलखताचं उपप्रकरण

हत्याराचं चालू असतानाच चिलखताचंही निघालं. भूलभुलैयात एका मेलेल्या माणसाच्या अंगावर हाफ प्लेट, म्हणजे पत्र्याचं चिलखत, होतं. किंमत ७५० नाणी, आर्मर क्लास १५ अधिक चपळाईचे जास्तीत जास्त २. उघड्या अंगाने धोंडोबाचा आर्मर क्लास १५ होता, तो १७ झाला असता. नियमाने माणूस मीडियम आणि गोलायथही मीडियम. मग बसेल?

इथे मी थांबले. मापाचं खातं एक असलं तरी अंग एक नसतं. माणूस साडेपाच फुटांचा, धोंडोबा साडेसात. उंचीचं गुणोत्तर सुमारे १.३६, आणि अंगाचं क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.८६ पट. माणसाचा पत्रा धोंडोबाच्या अंगाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकणार. खेळाडूंच्या पुस्तकात पर्यायी नियम आहे की सापडलेलं चिलखत अंगाला बसवून घ्यायला मूळ किमतीच्या १० ते ४० टक्के खर्च येतो. इथे नुसतं ठोकून-वाकवून भागणार नव्हतं, नवा पत्रा लागणार होता. मी दोन पर्याय दिले. लोहाराला ४० टक्के, म्हणजे ३०० नाणी द्यायची, दहा दिवस थांबायचं, आणि पूर्ण हाफ प्लेट मिळवायचं. नाहीतर छातीचा आणि पाठीचा पत्रा तसाच चढवून बाजू चामड्याच्या वाद्यांनी आवळायच्या, आणि ते ब्रेस्टप्लेट धरायचं: १४ अधिक २, म्हणजे १६. त्याने दुसरा घेतला. दहा दिवस थांबायला गोष्टीत वेळ नव्हता.

खऱ्या मोठ्या अंगासाठी चिलखत कसं बनतं, याचा उत्तम नमुना इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे: भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत. आज त्याचं वजन ११८ किलो, त्यात ५,८४० छोटे पत्रे कड्यांनी जोडलेले. एकसंध पत्र्याचा डबा नाही. वेगवेगळे पडदे, प्राण्याच्या अंगावर टाकायचे आणि बांधायचे. हत्ती हलतो, वाकतो, श्वास घेतो, आणि पडदे त्याच्याबरोबर हलतात. डीएमने लार्ज पात्रासाठी चिलखताचं वर्णन करताना हे डोळ्यांसमोर ठेवावं. किमतीसाठी मी साडेतीन आवृत्तीचं कोष्टक वापरते: लार्जला दुप्पट किंमत नि दुप्पट वजन, ह्यूजला चौपट किंमत नि पाचपट वजन. घोड्याच्या बार्डिंगला, म्हणजे चिलखताला, पाचव्या आवृत्तीत चौपट किंमत आणि दुप्पट वजन आहे, तोही आधार चालतो. जादूचं चिलखत बहुतेक वेळा घालणाऱ्याच्या अंगाला आपोआप जुळतं, तिथे वाद घालू नये.

टेबलावर ठरलं ते

कुऱ्हाड काढून घ्यायची नाही, यावर मी ठाम होते. जिंकून मिळवलेली वस्तू डीएमने हिसकावली की खेळाडूचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं कुठल्याही हत्याराच्या हिशोबापेक्षा अवघड असतं. चौघांसमोर बसून ठरवलं.

मोठेपणाला खेळ स्वतः किती डॅमेज देतो ते आधी बघितलं. एन्लार्ज प्रत्येक वाराला १डी४ देतो. २०२० च्या पुस्तकातला रूननाइट हा योद्धा तिसऱ्या लेव्हलला जायंट्स माइट या गुणाने लार्ज होतो, त्याला पाळीत एकदा १डी६ मिळतो. म्हणजे पात्राच्या मोठेपणाचा अधिकृत भाव हा आहे. म्हणून मिनोटॉरची कुऱ्हाड धोंडोबाच्या हातात १डी१२ आणि पाळीत एकदा, वार लागला तर, वर १डी६. डिसअ‍ॅडव्हान्टेज रद्द. तो एन्लार्ज झाला तर मंत्राचा १डी४ मिळेल, कुऱ्हाड आधी खाली ठेवा नाहीतर हातात धरा. उचल-ठेवीचा खेळ तिथेच संपला.

बदल्यात तीन बंधनं. मुद्गलाचं वाक्य धरून: या कुऱ्हाडीने ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्या शत्रूवरचा जास्तीचा वार) नाही, कारण फिरलेली कुऱ्हाड मधेच वळत नाही. पाच फूट किंवा त्याहून अरुंद जागेत ती फिरत नाही, दुसरं हत्यार काढा. आणि चढताना, पोहताना, शिडीवर ती कुणीतरी वेगळी वर ओढायची.

आणि त्या मुलाला जे खरंच हवं होतं त्यासाठी एक देणं. काही राक्षसांना सीज मॉन्स्टर नावाचा गुण असतो, वस्तू आणि बांधकामाला दुप्पट डॅमेज. तो कुऱ्हाडीला दिला. लाकडी मोठ्या मजबूत दाराचा आर्मर क्लास १५ आणि सरासरी २७ हिट पॉइंट. धोंडोबाचा रेजमधला एक बरा वार बसला की दार गेलं.

आकडे पुन्हा मांडले. रेकलेस होऊन, एन्लार्ज नसताना, २५.४, पूर्वीच्या २४.७ च्या जवळपास तेच. एन्लार्जसकट २९.८, पूर्वीच्या ३३.३ ऐवजी. साध्या कुऱ्हाडीपेक्षा फरक साडेतीनाच्या आसपास राहिला. हाफलिंगच्या १५.८ पेक्षा अजूनही खूप जास्त, पण बार्बेरियन आघाडीवर मार खातो, त्याने मारावंही. तिला मी लाँगबो देऊ केला नाही. तिने मागितलाही नाही. तिला हवं होतं ते एवढंच की तिच्याबाबतीत पुस्तक उघडलं तर त्याच्याबाबतीतही उघडावं.

२०२४ च्या नव्या पुस्तकात गोलायथला पाचव्या लेव्हलपासून स्वतःच दहा मिनिटं लार्ज होता येतं: ताकदीच्या चाचण्यांना अ‍ॅडव्हान्टेज, चाल दहा फुटांनी जास्त, जास्तीचा डॅमेज काहीच नाही. त्या पुस्तकाने खेळणाऱ्या टेबलांवर हा प्रश्न विझर्डची वाट न बघता येईल. माझं मत आहे की पहिल्याच सेशनला, पात्रं बनवतानाच, मोठ्या हत्यारांचं काय ते बोलून घ्यावं. मी ते केलं असतं तर एका मुलीने फासे डबीत ठेवले नसते.

नंतरचे आठ शनिवार

दारं फुटली, खूप फुटली. एका किल्ल्यात धोंडोबाने कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही आणि चोराचं कामच संपलं, तेव्हा हाफलिंगने त्याला सुनावलं, "अरे, आवाज! सगळा किल्ला जागा केलास." पुढच्या दाराला त्याने तिला विचारलं. एन्लार्ज केल्यावर त्याचं वजन २,४०० पौंड होतं, म्हणजे हजार किलोंच्या वर, हे विझर्डच्या लक्षात आलं आणि दोरीच्या पुलावर त्याने मंत्र टाकायचं नाकारलं. ऑपॉर्च्युनिटी अटॅक नसल्याची झळ दोनदा बसली. एकदा एक गॉब्लिन त्याच्या बाजूने निसटून थेट क्लेरिककडे गेला. त्याने तक्रार केली नाही.

परवाच्या शनिवारी तळघरातला जिना मधेच तुटलेला होता. आठ फुटांची खिंड, खाली पाणी. उडी मारायला जागा नाही, दोर पुरणार नाही, मागून शिंगांचे आवाज. धोंडोबाने पातं पलीकडच्या पायरीच्या कपारीत हाणून बसवलं आणि दांड्याचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. हाफलिंग त्या दांड्यावरून पलीकडे गेली, तीन फुटांची ती, हात पसरून, पावलापावलाने. तिचा फासा १७ पडला. पलीकडून तिने दोर अडकवला, मग विझर्ड, मग क्लेरिक, शेवटी दोराला धरून धोंडोबा. पातं कपारीत इतकं घट्ट बसलं होतं की ताकदीच्या दोन चाचण्या हुकल्या आणि तिसरीला वेळ नव्हता. कुऱ्हाड तिथेच आहे, जिन्यात आडवी. येत्या शनिवारी परत जायचं की नाही, यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे, आणि जाऊयाच असा हट्ट हाफलिंगचा आहे.